नाक नसलेले आप्पा

मार्चमधला दुसरा शनिवार, सकाळ. स्थळ: बिबवेवाडी, गौरीच्या घरातलं जेवणाचं टेबल. हजर: गौरी, तिचे वडील आप्पा, खालच्या मजल्यावरचा समीर आणि मी. स्वयंपाकाला येणारी सुनीता आत पोळ्या लाटत होती, पण तिला सगळं ऐकू येत होतं आणि तिचं मतही असायचं, म्हणून तिलाही हजर धरते. गैरहजर: कोणी नाही.

ही हजेरी गेल्या वर्षीची. ती आठवायचं कारण म्हणजे मार्च पुन्हा आला आहे आणि गेल्या आठवड्यात मी पुन्हा झेरॉक्सच्या रांगेत उभी होते. परीक्षेच्या दिवसांत आपलं काम घेऊन तिथे जाऊ नये हे मला कळायला हवं. मी कॉलेजच्या परीक्षा विभागातच नोकरी करते. पुढे मुलं, मागे मुलं, प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याच कुणाच्या तरी वहीची पानं. यंत्राचा हिरवा उजेड सरकतो, गरम कागदाचा वास येतो. दुकानदाराने माझ्या हातातली पानं पाहिली आणि म्हणाला, "बाई, इथे पोरांचं वर्ष जायची वेळ आलीय आणि तुम्ही चित्रं छापायला आणलीत?" मी म्हटलं, "थांबते." दर मार्चला तो हेच विचारतो आणि दर मार्चला मी थांबते. या वेळी थांबणं जड गेलं, एवढाच फरक.

आमच्या कॉमिकचं नाव 'सोम-बुध-शुक्र'. आप्पांच्या डायलिसिसचे वार. गौरी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, एका वास्तुविशारदाकडे इमारतींचे नकाशे काढते. दिवसभर भिंतीची जाडी आणि खिडकीची उंची. आप्पा यंत्रावर असताना बाहेरच्या बाकावर बसून तिने सहज एक चित्र काढलं: गोल डोकं, दोन टिंबं, गळ्यात मफलर, काडीसारखे हात. एका हाताला नळी. खाली लिहिलं, "आप्पा सोमवारी." मग बुधवारचं काढलं, शुक्रवारचं काढलं, आणि त्या तिघांची मिळून आपोआप गोष्ट झाली. समीर हडपसरला आयटीत आहे. त्याने ती फोनवर पाहिली आणि म्हणाला, "गौरीताई, हे प्रिंट करू या. सीरियसली." मला चित्र काढता येत नाही. पट्टीने चौकटी आखणं, झेरॉक्स, घड्या, स्टेपलर, पाकिटं, कुणाला पोचला आणि कुणाचा राहिला, ही कामं माझी. आमची प्रकाशन संस्था म्हणायची तर एवढीच. दोन-अडीच महिन्यांतून एकदा सोळा पानं निघायची.

पहिला अंक छापण्याआधी आप्पांनी भिंग घेऊन वाचला.

"माझं नाक कुठंय?"

"चित्रात नाक नाहीये, आप्पा."

"का?"

"गरज नाही."

"आयुष्यभर मी ते सगळ्यांच्या कामात खुपसलं. आता गरज नाही म्हणे." जरा थांबून त्यांनी विचारलं, "सुनीताला आहे?"

"नाही. कोणालाच नाही."

"मग हरकत नाही."

सरकारी कचेरीत जन्म गेलेला माणूस. त्यांनी पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'पाहिले' असं लिहिलं आणि सही केली. तेव्हापासून तो नियमच झाला. गोष्ट माझी तर आधी मी वाचणार, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. आप्पांच्या सहीशिवाय एकही अंक झेरॉक्सच्या दुकानात गेला नाही. ते चित्रांत कधी बदल सुचवत नसत. त्यांची हरकत असे ती खोटेपणाला. "मी त्या नर्सला थँक्यू म्हणालो नव्हतो. काढून टाक." किंवा, "रिक्षावाल्याशी भांडलो ते का गाळलंस? चांगला भांडलो होतो."

मला सुरुवातीला त्या चित्रांचं काही वाटलं नाही, हेही खरं. चित्र म्हणजे चित्रासारखं दिसावं, अशी माझी साधी समजूत. लहानपणी वाचलेल्या चित्रकथांमधले लोक कसे भरीव असायचे, दंडावरच्या शिरा मोजून घ्याव्यात असे. मी गौरीला म्हटलंसुद्धा, "हे तर पाचवीतलं पोरही काढेल." ती म्हणाली, "काढू दे की."

मग तो रिक्षाचा अंक आला. डायलिसिसहून परत येताना आप्पा थकलेले, गौरीच्या खांद्यावर त्यांचं डोकं. चित्रात काय होतं? एक मोठा गोल, एक लहान गोल, दोन्ही एकमेकांना टेकलेले. मागे रिक्षाचं छप्पर म्हणून एक वाकडी रेघ. त्या पानाच्या मी उभ्याउभ्या घड्या घालत होते आणि माझा हात थांबला. त्या गोलात मला माझे वडील दिसले. त्यांना जाड मिशा होत्या, मफलर त्यांनी कधी वापरला नाही, आणि ते माझ्या खांद्यावर कधी डोकं टेकतील असा आमच्या घरचा रिवाजही नव्हता. तरी तेच होते. हुबेहूब काढलेला चेहरा आपण बघतो आणि म्हणतो, हा अमुक. दोन टिंबांच्या चेहऱ्यात मात्र जागा मोकळी असते. तिथे आपलं माणूस येऊन बसतं, आणि आपण बोलावलेलं नसताना बसतं.

हे माझ्या एकटीचं नव्हतं. अंक वाचून लोक फोन करत. कुणाला त्यात सासरे दिसले, कुणाला शेजारी, एका बाईंना स्वतःचीच आई, मफलरसकट. कुणीही विचारलं नाही की आप्पा खरे कसे दिसतात.

परीक्षांचा हंगाम म्हणजे पुण्यात उन्हाची सुरुवात. सकाळी अजून अंगावर शहारा येतो आणि अकरा वाजता रस्ता तापतो. पिंपळाची जुनी पानं एका बाजूला गळत असतात आणि दुसऱ्या बाजूला तांबूस नवी फुटत असतात. गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातलेल्या, आणि त्यांच्या कडेने एखादा मुलगा पुस्तक धरून येरझाऱ्या घालत पाठ करतोय. चौकात उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाची घुंगरं वाजायला लागतात. माझ्या लेखी हा हंगाम म्हणजे बैठकव्यवस्था, हॉलतिकिटांतल्या चुका आणि दारात रडणाऱ्या मुली. आप्पांच्या लेखी तो तहानेचा हंगाम होता. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून. बाहेर घुंगरं वाजत असताना ते खिडकीशी बसून म्हणायचे, "ऐकायला बंदी नाही ना? डॉक्टरांना विचारून ये."

त्यावरही गौरीने एक पान केलं होतं. बर्फाचा एक खडा आणि आप्पा. पहिल्या चौकटीत सुनीता वाटीतून खडा देते. मग नुसते आप्पा, गाल एका बाजूने फुगलेला. मग गाल दुसऱ्या बाजूने फुगलेला. मग जरा लहान फुगवटा. काही घडत नाही. शेवटच्या चौकटीत गाल सपाट, आणि दोन टिंबं वाटीकडे बघतायत. बस्स. एवढ्या पानावर लोकांनी जितकं बोलून दाखवलं तितकं कुठल्याच पानावर नाही. मला आजही पाण्याची बाटली उघडताना ते पान आठवतं.

तर तो शनिवार. एप्रिलच्या अंकात काय घ्यायचं हे ठरवायला बसलो होतो. आप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पुढचा अंक शेवटचा करा."

समीर म्हणाला, "काय आप्पा! अजून भरपूर अंक काढायचेत आपल्याला."

"काढा की. पण शेवटचा आधी काढा. मधले नंतर काढता येतात."

"आप्पा, काहीतरी बोलू नका," गौरी म्हणाली.

"काहीतरी नाही, मुद्द्याचं बोलतोय. पहिल्यापासून प्रत्येक अंक मी वाचलाय, सही केलीय. एकच अंक असा निघणार की तो सगळे वाचतील आणि मी तेवढा नाही. हा कुठला न्याय? मला माझा शेवट वाचायचाय."

समीरने प्रयत्न केला. "आपण ओपन एंडेड ठेवू या ना. म्हणजे रीडरने इमॅजिन करायचं."

"ओपन एंडेड म्हणजे लेखकाला काही सुचलं नाही. ते नको."

"बरं, पण आप्पा, पेज काउंट चारच्या पटीत लागतो. घडी घालायची असते."

"म्हणजे मरायचं तेही चारच्या पटीत. बरं, बसवा."

आतून सुनीता ओरडली, "आजोबा, सकाळी सकाळी काय हे!"

"तूही आहेस त्यात. पोळ्या करपतायत तुझ्या."

गौरी उठून गॅलरीत गेली आणि दोरीवरचे कपडे काढायला लागली. कपडे ओले होते. आप्पा माझ्याकडे वळले. "सुपरिंटेंडेंटबाई, तारीख लिहून घ्या. मुलांच्या परीक्षा संपायच्या आत." मी लिहून घेतली. मला दुसरं काय करता येणार होतं?

पुढचे दिवस गौरी काढत होती. मी कॉलेजहून येताना तिच्याकडे डोकावत असे. पानं तयार होत होती, पण मला ती बघवेनात, आणि का बघवत नाहीत ते आधी कळेना. मग कळलं. आप्पांना नाक आलं होतं. आधी नाक, मग कपाळावरच्या आठ्या, मग चष्म्याची काडी, तिला बांधलेला दोरा. सुया टोचून टोचून दंडावर फुगलेली शीर तर तिने इतकी नीट काढली होती की बोट ठेवावंसं वाटेल. खोलीतली पलंगाची जाळी, औषधांच्या बाटल्या, बाटल्यांवरची लेबलं. ऑफिसात नकाशे काढणारा तिचा हात आता घरी चालायला लागला होता. जे हातातून जाणार हे दिसत होतं, ते सगळं ती कागदावर उतरवून घेत होती. एकही सुरकुती सुटू द्यायची नाही, असं काहीतरी तिच्या मनात बसलं असावं.

रविवारी तिने ती पानं आप्पांपुढे ठेवली. मी होते. त्यांनी भिंगाने पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि भिंग खाली ठेवलं.

"हा कोण?"

"तुम्ही."

"हा म्हातारा आजारी दिसतोय."

गौरी पानांच्या कडा जुळवत राहिली.

"चांगला काढलायस. पण ह्याच्याबद्दल मला काही वाटत नाही. हा आपला कोणीतरी पेशंट. माझा तो कुठे गेला, टिंबांचा? त्याच्यात मी मजेत बसायचो. त्याला दुखत नव्हतं."

"मला नाही जमणार, आप्पा," ती म्हणाली. "त्याला मी जिवंतच काढू शकते. दुसरं काही त्याचं काढताच येत नाही मला. डोळे मिटवू कसे? टिंबं आहेत ती."

आप्पा बराच वेळ जुना अंक चाळत होते. बर्फाच्या पानावर थांबले. दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं. ती जागा मी पट्टीने आखते, बोटभर रुंद.

"ही कोरी पट्टी कोणाची?"

"कोणाची नाही," गौरी म्हणाली. "एका चौकटीतून दुसरीत जाताना मध्ये जे होतं, ते वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. खडा वितळतो तो इथे."

"आणि ते तुला काढावं लागत नाही?"

"नाही."

"मग मला इथे घाल. तुला काढायला नको, मला बघायला नको."

मी खिडकीकडे बघत बसले. खाली घुंगरं वाजत होती. बापलेकींची मात्र कामाची बोलणी सुरू झाली, जणू एखाद्या लग्नाची यादी करायची होती. पट्टीच्या आधीच्या चौकटीत काय? आप्पा म्हणाले, मी सुनीताला सांगतोय की आज पोळी जाड झाली. आणि पट्टीच्या नंतरच्या? गौरीने सुचवलं, रिकामी खुर्ची. "खुर्ची नको. खुर्ची म्हणजे रडवणं." मग तिने सुचवलं, सवयीने दोन कप चहा ओतलेला. "अजिबात नको. असल्या गोष्टी दिवाळी अंकांना द्या." शेवटी त्यांनीच सांगितलं. सुनीता कणकेचा डबा घेऊन उभी आहे आणि विचारते आहे, ताई, आज किती पोळ्या करू? गौरी म्हणते, तीन. संपलं. रोज सहा व्हायच्या.

एका रात्रीतून नाही, पण त्या आठवड्यात पानं झाली. नाक गेलं, आठ्या गेल्या, बाटल्या गेल्या. शुक्रवारी गौरी ती घेऊन डायलिसिसला गेली, मीही अर्धी रजा टाकून गेले. आप्पांचा एक हात यंत्राला, म्हणून पानं मी उलटत होते. शेजारच्या पलंगावर किसनमामा होते. हडपसरचे, मुलाचं हार्डवेअरचं दुकान. आप्पांचे आणि त्यांचे वार तेच, त्यामुळे आमचा प्रत्येक अंक त्यांनीही वाचलेला. ते मान उंचावून म्हणाले, "आम्हाला बी दावा की, आप्पा."

"तुम्हाला नंतर, किसनराव. छापून आल्यावर. पण सांगून ठेवतो, शेवट चांगला जमलाय."

त्यांनी शेवटचं पान दोनदा उलटायला लावलं. मग मोकळ्या हाताने, डाव्या हाताने, 'पाहिले' लिहिलं. सही वाकडी आली. गौरीला म्हणाले, "एकटीला तीन बरोबर आहेत. तू सकाळच्याही धरतेस ना?" ती म्हणाली, "हो." आणि मग ती बाहेर गेली आणि बऱ्याच वेळाने तोंड धुऊन आली.

परीक्षा संपल्या त्या आठवड्यात आप्पा गेले. पट्टीत नाही गेले. अतिदक्षता विभागात गेले, चार दिवस घेऊन. खऱ्या मरणात रेषा फार असतात. नळ्या, तारा, पडद्यावरची वरखाली होणारी रेघ, हाताला बांधलेल्या पट्टीवर चुकीचं छापलेलं वय, सही कुठे करायची ते दाखवणारी फुली. त्यातली एकही गाळता येत नव्हती. आणि घरी आल्यावर सुनीताने किती पोळ्या ते विचारलंच नाही. तिने न विचारता तीन केल्या आणि झाकून ठेवून गेली. गौरी म्हणाली, "आप्पा असते तर म्हणाले असते, चूक झाली, दुरुस्त कर." पण चूक पानात होती की घरात, हे आम्हाला ठरवता आलं नाही.

अंक तिने छापू दिला नाही. सही होती, सगळं तयार होतं, तरी वर्षभर ती पानं तिच्या कपाटात राहिली. मी विचारायची, ती म्हणायची, "बघू." मी विचारणं सोडलं. या फेब्रुवारीत पिंपळ झडायला लागला आणि गच्चीवर पाठांतराचे आवाज यायला लागले, तेव्हा तिचाच फोन आला. "वंदना, छापून टाक. त्यांनी परीक्षा संपायच्या आत म्हटलं होतं. कुठल्या वर्षीच्या ते म्हटलं नव्हतं."

म्हणून मी रांगेत होते. समीरने टेबल पुसलं, घड्या घातल्या, स्टेपलर मी मारला. गौरी आमच्याबरोबर बसली, पण तिने शेवटचं पान वर येणार नाही अशा बेताने गठ्ठे उलटे ठेवले. टपालाचे गेले, हातचे गेले. पूर्वीसारखे फोन यायला लागले. एका मुलीने विचारलं, सगळी पानं उलटून पाहिली, पण आजोबा नक्की कुठे गेले ते दिसलंच नाही, माझ्या प्रतीत पान कमी आलंय का? मी सांगितलं, नाही, पानं बरोबर आहेत.

आता एक प्रत राहिली आहे. किसनमामांची.

समीरकडून कळलं असेल, त्यांचा फोन आला. "वंदनाताई, अंक निघाला म्हनं."

"हो, मामा."

"मग माझा कुठं हाय? आप्पा सांगून गेलंत, शेवट चांगला जमलाय. वरीस झालं वाट बघतोय."

मी आणते म्हणाले. तासाभराने त्यांच्या सुनेचा फोन. आवाज दबका, बहुतेक मोरीतून बोलत असावी. "ताई, त्या पुस्तकात त्ये आजोबा जात्यात ना? मग नगा देऊ. मामांची तब्येत लई उतरलीय. रात्रीचं झोपत न्हाईत. तुमाला हात जोडते." मी तिलाही बरं म्हणाले. गौरीला विचारलं. ती म्हणाली, "आप्पांनी त्यांना शब्द दिलाय." मग थोड्या वेळाने, "पण आप्पांनी शेवट स्वतः मागून घेतला होता. त्यांना आधी ठाऊक होतं काय मागतोय ते." म्हणजे तिलाही ठरवता येत नाही.

पाकिटावर नाव घातलं आहे. बुधवारी मी ते घेऊन सेंटरवर गेले. दाराच्या काचेतून किसनमामा दिसत होते. खूप वाळले आहेत. एक हात यंत्राला, दुसरा चादरीवर मोकळा ठेवलेला, आणि तोंड दाराकडे. शेजारच्या पलंगावर कोणी तरुण मुलगा फोन बघत पडला होता. मी काचेपासून बाजूला झाले आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरून आले.

आज शुक्रवार आहे. बाकीच्या सगळ्या कामांवर खूण झाली आहे. किसनमामांचा अंक पोचवायचा राहिला आहे.